अ‍ॅप बंद केलं की सेटिंग्ज गायब, शेवटी असं जमलं

मित्राने लोकलच्या टाइमटेबलचं अर्धवट अँड्रॉइड अ‍ॅप माझ्या गळ्यात मारलं. त्यात एकच त्रास, सेंट्रल लाइन आणि मुलुंड सिलेक्ट करा, डार्क मोड लावा, सगळं मस्त, आणि अ‍ॅप रिसेंट्समधून उडवलं की परत आपलं सुरुवातीचं चर्चगेट. फोन आडवा केला तर मात्र सगळं जागेवर, त्यामुळे आधी कळेचना. व्हॅल्यू फक्त व्ह्यूमॉडेलमधे (स्क्रीनचा डेटा मेमरीत धरून ठेवणारा भाग) होत्या, ते रोटेशन झेलतं पण प्रोसेस, म्हणजे मेमरीत चालू असलेलं अ‍ॅप, मेली की तेपण गेलं, आणि कमी रॅमच्या फोनवर तर सिस्टमच प्रोसेस मारते.

शेअर्ड प्रेफरन्सेसने (सेटिंग्ज फाइलमधे सेव्ह करायची अँड्रॉइडची जुनी सोय) पण काम झालं असतं, पण त्यात पहिल्यांदा वाचताना फाइल लोड होईपर्यंत मेन थ्रेड (स्क्रीन चालवणारा) अडकू शकतो, म्हणून मी त्याच कामाचा नवा पर्याय, प्रेफरन्सेस डेटास्टोअर घेतला. स्टेशनला स्ट्रिंग की (key, म्हणजे व्हॅल्यू ज्या नावाने सेव्ह होते ते; स्ट्रिंग म्हणजे मजकूर), डार्क मोडला बूलियन (हो/नाही) की, लिहायला एडिट आणि वाचायला फ्लो (व्हॅल्यूंचा चालू प्रवाह), म्हणजे व्हॅल्यू बदलली की स्क्रीनला आपोआप कळतं. फक्त एका फाइलला एकच डेटास्टोअर हां, एकाच वेळी दोन चालू झाले तर सरळ क्रॅश, म्हणून टॉप लेव्हलला, म्हणजे कुठल्याही क्लासच्या बाहेर, एकदाच डिक्लेअर करायचं. आणि पासवर्ड, टोकन असलं काही यात टाकू नका, ते आपोआप एन्क्रिप्ट होत नाही.

टेस्ट करताना फोर्स स्टॉप मारा, नुसतं होम बटण दाबून काही कळत नाही. अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकल्यावरही मुलुंडच दिसलं तर चक्रावू नका, अँड्रॉइड 6 पासून आलेला ऑटो बॅकअप चालू असेल, तो सेव्ह केलेला डेटा परत आणतो.