लोहयुक्त झिलईत ठिपके आणि रेघा: खान्देशातील काळ्या दगडाची चाचणी

मातीच्या भांड्यांवरील काळ्या झिलईवर, म्हणजे भट्टीत वितळून बसणाऱ्या काचेसारख्या थरावर, तेलाच्या थेंबांसारखे रुपेरी ठिपके किंवा सशाच्या केसांसारख्या बारीक रेघा उमटवण्याचे काम चीनमधील फुजियान प्रांताच्या भट्ट्यांनी सोंग काळात (960 ते 1279) फार उंचीवर नेले. ती नक्षी कुंचल्याने काढलेली नसते. सुमारे 1230 अंश सेल्सियसच्या वर तांबडा लोह ऑक्साईड आपल्यातील काही ऑक्सिजन सोडतो. त्याचे बुडबुडे वर येताना भोवतीचा लोहसंपन्न द्रव पृष्ठभागावर आणतात आणि थंड होताना त्या द्रवात लोहाचे स्फटिक धरून ठिपका दिसतो. झिलई अधिक पातळ वितळली, तर तोच ठिपका ओघळून रेघ होतो. म्हणून केवळ लोह वाढवत राहणे मला चुकीचे वाटते. लोह स्थिर ठेवून चुना आणि अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचा ऑक्साईड) बदलून पाहावेत.

प्रारंभासाठी वजनाने फेल्डस्पार (झिलई वितळवणारे खनिज) 60, क्वार्ट्झ (गारेची भुकटी) 22, केओलिन (अॅल्युमिना देणारी पांढरी चिनीमाती) 7, व्हायटिंग (चुना देणारी चुनखडीची भुकटी) 6 आणि डोलोमाईट (चुना व मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियमचा ऑक्साईड, देणारा दगड) 5 भाग घ्यावेत व त्यात तांबडा लोह ऑक्साईड 8 भाग मिसळावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या नमुन्यात व्हायटिंग 10 व 14 भाग करावे. चुन्याने वितळलेल्या झिलईचा रस पातळ होत जातो. चौथ्यात व्हायटिंग पुन्हा 6 ठेवून केओलिन 12 करावे. अॅल्युमिना वाढल्याने रस घट्ट होतो आणि फुटलेल्या बुडबुड्यांचे खड्डे भरून न येण्याची शक्यता वाढते. कोरडी भुकटी हाताळताना मुखपट्टी अवश्य लावावी.

जळगाव-धुळ्याकडील क्रशरवर मिळणारी काळ्या दगडाची कच बारीक दळून, वस्त्रगाळ करून वापरता येते, परंतु तिचा हिशेब नीट मांडला पाहिजे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे या काळ्या दगडात, लोह ऑक्साईड 10 टक्क्यांहून अधिक आणि कॅल्शियम ऑक्साईड सुमारे 10 टक्के असतो. 30 भाग कच घेतली की 3 भागांहून अधिक लोह आणि 5 भागांहून अधिक व्हायटिंगइतका चुना आपोआप येतो, मॅग्नेशियाही येतो. त्यामुळे व्हायटिंग व डोलोमाईट वगळून कच 30, फेल्डस्पार 43, क्वार्ट्झ 20, केओलिन 7 आणि वरून लोह ऑक्साईड 4 असा नमुना करून पाहावा.

पऱ्हाटीची (कपाशीच्या वाळलेल्या झाडांची) राख धुऊन, चाळून व्हायटिंगच्या जागी घालता येते. राखेतील फॉस्फरस रसाचे दोन न मिसळणाऱ्या द्रवांत विभाजन होण्यास मदत करतो. केळीच्या खांबांची राख मात्र सुरुवातीला टाळावी, कारण तिच्यातील पोटॅश पाण्यात विरघळतो, धुताना निघून जातो आणि हातांनाही चावतो.

झिलई जाड लावावी आणि नमुना उभा ठेवून त्याखाली मातीची ताटली द्यावी. भट्टी भरपूर हवा देत सुमारे 1280 ते 1300 अंशांपर्यंत न्यावी. नदीकाठच्या मातीची मडकी या तापमानाला टिकत नाहीत. नमुन्यांसाठी स्टोनवेअरची, म्हणजे एवढ्या तापमानाला पक्की भाजणारी, मातीच घ्यावी.