विद्यापीठाच्या ग्रंथालयातून शोधनिबंध कसा मिळवावा

शोध सुरू करण्यापूर्वी आपल्याजवळ एखाद्या ठरावीक शोधनिबंधाचा संदर्भ आहे की केवळ विषय, हे पाहावे. या दोहोंच्या वाटा वेगळ्या आहेत आणि नवख्या वाचकाचा बराचसा वेळ त्यांची गल्लत झाल्यामुळे वाया जातो.

संदर्भ असेल तर काम सोपे. त्यात १० या आकड्याने सुरू होणारा डीओआय, म्हणजे त्या निबंधाची कायमची ओळख सांगणारा क्रमांक असल्यास तो जसाच्या तसा ग्रंथालयाच्या शोधचौकटीत टाकावा. तो नसल्यास ग्रंथालयाच्या तालिकेत (कॅटलॉगमध्ये) नियतकालिकाचे नाव शोधावे, निबंधाचे नव्हे. कारण पारंपरिक तालिकेत नियतकालिकांची नोंद असते, त्यांतल्या एकेका निबंधाची नसते. नोंद सापडली की ग्रंथालयाकडे कोणत्या वर्षांचे अंक आहेत ते पाहावे आणि मग खंड, अंक व पृष्ठ या क्रमाने पुढे जावे.

केवळ विषय असेल तर आधी योग्य डेटाबेस, म्हणजे निबंधांच्या नोंदींचा शोधता येणारा ऑनलाइन संग्रह, निवडावा लागतो. वैद्यकशास्त्रासाठी पबमेड आहे आणि तो सर्वांना विनामूल्य खुला आहे. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांसाठी जेस्टोर उपयोगी पडतो, मात्र तेथे अनेक नियतकालिकांचे अलीकडच्या काही वर्षांचे अंक नसतात, त्यामुळे ताजे संशोधन हवे असल्यास केवळ त्यावर विसंबू नये. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या डेटाबेसांचा आवाका बहुशाखीय आहे.

शोधचौकटीत अख्खा प्रश्न लिहिण्याऐवजी त्यातल्या मुख्य संकल्पना वेगळ्या काढाव्यात. समजा, किशोरवयीन मुलांची झोप आणि स्मरणशक्ती यांचा संबंध शोधायचा आहे. येथे संकल्पना तीन आहेत. किशोरवयासाठी इंग्रजीत ‘टीनेजर’ आणि ‘ॲडोलसंट’ असे दोन्ही शब्द वापरले जातात. म्हणून हे पर्याय ‘ऑर’ने जोडून कंसात ठेवावेत आणि तिन्ही संकल्पना एकमेकींना ‘अँड’ने जोडाव्यात. ही जोडपदे इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावीत, कारण काही डेटाबेस लहान अक्षरांतली जोडपदे ओळखत नाहीत. निकाल फारच कमी आले तर एखादी संकल्पना गाळून पाहावी.

एक चांगला निबंध मिळाला की खरा शोध तेथून सुरू होतो, असे माझे मत आहे. त्याच्या संदर्भसूचीतून आधीचे संशोधन सापडते, तर त्याला पुढे कोणी उद्धृत केले यावरून नंतरचे. या दुसऱ्या सोयीचे मूळ माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफील्ड यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ या उद्धरणसूचीमध्ये आहे. शब्द जुळवून जे निबंध हाती लागत नाहीत, ते या वाटेने अनेकदा लागतात, कारण त्यांच्या लेखकांनी त्याच विषयासाठी निराळे शब्द वापरलेले असतात.

प्रकाशकाच्या पानावर निबंधासाठी पैसे मागितले, तर लगेच भरू नयेत. ग्रंथालयाने तेच नियतकालिक घेतलेले असूनही आपण ग्रंथालयामार्फत लॉग-इन केले नसल्यामुळे हे पान दिसत असण्याची बरीच शक्यता असते. गूगल स्कॉलर वापरत असल्यास त्याच्या सेटिंगमध्ये ‘लायब्ररी लिंक्स’खाली आपले विद्यापीठ निवडावे, म्हणजे जो निबंध ग्रंथालयाकडे उपलब्ध आहे त्याच्या शेजारी तशी लिंक दिसू लागते. लेखकाच्या संस्थेच्या संग्रहातही निबंधाची मोफत प्रत असू शकते, परंतु ती छापील आवृत्तीपूर्वीची असल्यास पृष्ठांक जुळत नाहीत, म्हणून उद्धृत करताना ते तपासून घ्यावेत.

एवढे करूनही निबंध मिळाला नाही, तर आंतरग्रंथालयीन देवघेवीचा, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयाकडून तो मागवण्याचा, अर्ज करावा. त्यात लेखक, शीर्षक, नियतकालिकाचे पूर्ण नाव, वर्ष, खंड, अंक आणि पृष्ठे भरावीत. नियतकालिकाचे नाव संक्षिप्त रूपात लिहू नये, कारण एकच संक्षेप कधी कधी दोन नियतकालिकांना लागू पडतो. नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ अंकी आयएसएसएन क्रमांक दिल्यास ग्रंथपालाला ही शंका राहत नाही.