पाया उणे दोन: रूपांतर आणि बेरीज करताना या चुका टाळा

संख्या लिहिण्याच्या आपल्या नेहमीच्या पद्धतीचा पाया १०; त्याऐवजी पाया −२ घेतला की स्थानिक किमती उजवीकडून १, −२, ४, −८, १६, −३२ अशा येतात. अंक मात्र ० आणि १ हे दोनच. गंमत अशी की कुठलाही पूर्णांक, धन असो वा ऋण, चिन्ह न लावता एकाच प्रकारे लिहिता येतो. ६ म्हणजे ११०१० (१६ − ८ − २). ऋण पायांची ही कल्पना व्हित्तोरियो ग्रुनवाल्डने १८८५ मध्ये मांडली आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस पोलंडमध्ये −२ पायावर चालणारे प्रायोगिक संगणकही तयार झाले.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो बाकीत. −२ ने भागत जायचं आणि बाकी खालून वर वाचायची, हे बरोबर; पण बाकी ० किंवा १ च हवी. −१३ करून पाहू:

−१३: भागाकार ७, बाकी १
७: भागाकार −३, बाकी १
−३: भागाकार २, बाकी १
२: भागाकार −१, बाकी ०
−१: भागाकार १, बाकी १
१: भागाकार ०, बाकी १

उत्तर ११०१११. हेच पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेला विचारलं तर पहिल्याच पायरीला भागाकार ६ आणि बाकी −१ मिळते, कारण तिथे बाकीचं चिन्ह भाजकाप्रमाणे ठरतं. सी भाषेत ते भाज्याप्रमाणे ठरतं, म्हणून ७ ला बाकी १ नीट येते आणि −१३ ला पुन्हा −१. म्हणजे फक्त धन संख्या दिल्या तरी सीचा प्रोग्रॅम फसतो, कारण मधले भागाकार ऋण होतातच. उपाय दोन्हीकडे एकच: बाकी ऋण आली की बाकीत २ मिळवा आणि भागाकारात १. यातली दुसरी अर्धी पायरी विसरली जाते, आणि मग पुढचे सगळे अंक बिघडतात.

बेरजेत १ + १ = ११०, म्हणून पुढच्या दोन घरांत प्रत्येकी १ हातचा द्यायचा, असं बरेच जण शिकतात. ते खरं आहे, पण १ + ११ (म्हणजे १ आणि −१) करून बघा: हातचा कधी संपतच नाही. त्याऐवजी पुढच्या एकाच घरात −१ हातचा द्या. घराची बेरीज २ असेल तर ० लिहा, हातचा −१. ३ असेल तर १ लिहा, हातचा −१. −१ असेल तर १ लिहा, हातचा +१. आता वरची बेरीज दुसऱ्याच घरात शून्य होऊन थांबते.

डावीकडचा पहिला १ बघून संख्या ऋण ठरवू नका. डावीकडची शून्यं काढून अंक मोजा: विषम असतील तर संख्या धन, सम असतील तर ऋण. त्यामुळे पल्लाही (म्हणजे ठरावीक घरांत मावणारी सगळ्यात लहान ते सगळ्यात मोठी संख्या) शून्याच्या दोन्ही बाजूंना असमान असतो. चार घरांत −१० ते ५, आठ घरांत −१७० ते ८५. आठ घरांत १०० मावत नाही, याचा अंदाज नसला की वरचे अंक गुपचूप कापले जातात.

उत्तर पटकन तपासायचं असेल तर १ किती आहेत ते मोजा. −२ ला ३ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून अंकांची बेरीज आणि मूळ संख्या यांची ३ ने भागल्यावरची बाकी सारखीच हवी. ११०१११ मध्ये पाच १ आहेत, बाकी २; −१३ म्हणजे −१५ + २, बाकी २. बाकी जुळली नाही तर उत्तर नक्की चुकलंय. जुळली तरी स्थानिक किमतींची बेरीज एकदा करा, कारण दोन अंकांची अदलाबदल या तपासणीत सापडत नाही.