'फाउंडेशन्स'ला हलक्यात घेऊ नका: नर्सिंगला नव्याने आलेल्यांसाठी

नर्सिंगला प्रवेश घेतला की पहिल्याच वर्षी फाउंडेशन्स हा विषय समोर येतो. बेड कसा करायचा, हात कसे धुवायचे, नाडी कशी मोजायची, पेशंटला कुशीवर कसं वळवायचं. अॅनाटॉमी आणि फार्माकॉलॉजीच्या जाडजूड पुस्तकांपुढे हे सगळं किरकोळ वाटतं आणि हुशार मुलं नेमकी इथेच आळस करतात. वॉर्डात बरीच वर्षं काढून आणि नंतर विद्यार्थ्यांच्या बॅचेस सांभाळून माझं मत याच्या अगदी उलट झालंय. पुढे तुम्ही आयसीयूत जा, ऑपरेशन थिएटरला जा, नाहीतर सार्वजनिक आरोग्यात. पेशंटकडे बघायला शिकलेली नर्स आणि नुसती कामं उरकणारी नर्स, यांच्यातला फरक या एका विषयात ठरून गेलेला असतो.

इतिहासाचं प्रकरण बहुतेक जण पाठ करून सोडून देतात. क्रिमियन युद्ध, १८५४, फ्लोरेन्स नाइटिंगेल, हातात दिवा. दिव्याचं चित्र छानच आहे, पण मी विद्यार्थ्यांना तिच्या तक्त्यांकडे बघायला सांगते. सैनिक जखमांपेक्षा आजारांनी, म्हणजे घाण, गर्दी आणि खराब पाण्यामुळे पसरलेल्या रोगांनी जास्त मरतायत, हे तिने आकडे मांडून सरकारला दाखवून दिलं. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये तिच्या नावाने नर्सिंग शाळा सुरू झाली, ती या सगळ्यानंतर. म्हणजे या व्यवसायाच्या मुळाशी सेवाभाव जेवढा आहे, तेवढीच नोंद ठेवण्याची शिस्तही आहे. चार्ट भरायचा कंटाळा येईल तेव्हा हे आठवलं तर बरं.

थिअरिस्ट मंडळींची नावं पाठ करताना डोकं उठतं, मान्य. पण व्हर्जिनिया हेंडरसनला नीट वेळ द्या. तिचं म्हणणं थोडक्यात असं: अंगात बळ, मनात इच्छा आणि पुरेशी माहिती असती, तर माणसाने स्वतःच ज्या गोष्टी केल्या असत्या, त्यांत त्याला मदत करणं हे नर्सचं काम, आणि ती मदतही अशी करायची की त्याला लवकरात लवकर तिची गरज उरू नये. श्वास, खाणंपिणं, मलमूत्र, झोप, कपडे, स्वच्छता इथपासून संवाद, श्रद्धा, काम, करमणूक आणि शिकणं इथपर्यंत तिने १४ मूलभूत गरजा सांगितल्या. केस स्टडी लिहिताना काय विचारावं सुचेनासं झालं की ही यादी हाताशी असावी.

तिच्या वाक्याचा दुसरा भाग वॉर्डात फार जड जातो. अर्धांगवायूच्या पेशंटला शर्ट घालून द्यायला तुम्हाला एक मिनिट लागतं. त्यालाच घालू द्यायचा तर पंधरा मिनिटं शेजारी उभं राहावं लागतं: आधी लुळा हात बाहीत घालायला सांगायचं, मग चांगला, काढताना आधी चांगला, मग लुळा. मध्ये बटण सुटतं, तो चिडतो आणि शेजारच्या बेडवरून कोणीतरी हाक मारतं. अशा वेळी पटकन हात पुढे करून उरकून टाकायचा मोह होतोच. रोज जमणार नाही हेही खरं, माणसं कमी असतात. पण आपण काम उरकतोय की पेशंटला उभं करतोय, हे निदान आपल्याला ठाऊक असावं.

नर्सिंग प्रोसेसच्या पाच पायऱ्या तुम्हाला शिकवतीलच: असेसमेंट, नर्सिंग डायग्नोसिस, प्लॅनिंग, अंमलबजावणी आणि मूल्यमापन. केअर प्लॅन म्हटलं की विद्यार्थी पुस्तकातून उतरवून काढतात. सगळ्यात जास्त गोंधळ दुसऱ्या पायरीवर होतो. न्यूमोनिया हे डॉक्टरांचं निदान. 'कफ बाहेर काढता येत नाही, त्यामुळे श्वासमार्ग मोकळा राहत नाही' हे नर्सचं. पहिल्यावर औषध डॉक्टर लिहितील. दुसऱ्यावर काय करायचं ते तुम्हाला ठरवायचंय: पेशंटला टेकवून बसवणं, खोकताना पोटाशी उशी धरायला शिकवणं, पाण्यावर बंधन नसेल तर पाणी भरपूर देणं. ध्येय लिहिताना 'पेशंटला बरं वाटेल' असलं काही लिहू नका, ते मोजणार कसं? 'उद्या सकाळपर्यंत पेशंट आधाराने बेडपासून खुर्चीपर्यंत चालेल' असं लिहिलं तर उद्या सकाळी हो की नाही, एवढं तरी सांगता येतं.

आता माझ्या आवडत्या तक्रारीकडे येते. श्वास.

तापमान, नाडी, बीपी सगळे मन लावून घेतात. श्वासाच्या रकान्यात मात्र अंदाजाने आकडा टाकतात. एका चार्टवर आठ पेशंट आणि आठही जणांचा श्वास २० दिसला, की कोणीच मोजलेला नाही हे मला घड्याळ न बघता कळतं. प्रौढ माणसाचा श्वास विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. शरीर आतून बिघडायला लागलं, जंतुसंसर्ग पसरत असेल किंवा कुठे रक्तस्राव होत असेल, तर बीपी बराच वेळ टिकून राहतं, कारण शरीर ते सावरून धरत असतं. श्वास मात्र अनेकदा त्याच्या आधीच वाढायला लागतो. १८ वरून २२, मग २६. कोणी मोजलाच नाही, तर ही पायरी कोणाच्याच लक्षात येत नाही आणि बीपी पडल्यावर एकच धावाधाव सुरू होते.

मोजायची रीत अशी. नाडी बघताय असं दाखवून मनगट धरून ठेवायचं आणि डोळे छातीवर, नाहीतर पोटावर. 'आता श्वास मोजते हं' असं सांगितलं की माणूस नकळत वेगळा श्वास घ्यायला लागतो. पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय लावून घेतली, तर एक श्वास चुकला की उत्तर चारने चुकतं. त्या मिनिटात फक्त आकडा घेऊ नका: मानेचे स्नायू ओढले जातायत का, नाकपुड्या फुलतायत का, बोलताना वाक्य मध्येच तोडावं लागतंय का, हेही बघून घ्या. मॉनिटर लावलेला असला, तरी हे बघायचंच.

त्वचेचंही तसंच आहे. स्पंज देताना पेशंटची पाठ दिसते, ती नुसती पुसण्यासाठी नसते. माकडहाड, टाचा, खांद्याची पाती, डोक्याचा मागचा भाग आणि ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागची जागा, एवढं रोज बघायचं. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढुरका पडून परत लाल झाला तर ठीक. तसाच लाल राहिला तर बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली म्हणून समजा. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे हाताने जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते का ते बघावं लागतं. त्या जागी चोळायचं नाही, आतल्या नाजूक पेशींना आणखी इजा होते. टाचांखाली उशी ठेवायची नाही, पोटऱ्यांखाली ठेवायची, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. स्वतः हलू न शकणाऱ्याची पोझिशन साधारण दर दोन तासांनी बदलायची, आणि वर सरकवताना ओढायचं नाही, दोघांनी चादरीने उचलायचं. तुमची स्वतःची कंबरही त्यामुळे वाचते. बेडची उंची वाढवायला लागणारे पाच सेकंद वाचवू नका.

भूमिकांचं प्रकरण परीक्षेत हमखास येतं. हिल्डगार्ड पेप्लाउने १९५२ मध्ये नर्स आणि पेशंट यांच्या नात्यावर लिहिताना नर्सच्या सहा भूमिका मांडल्या: आधी अनोळखी व्यक्ती, मग माहिती देणारी, शिकवणारी, पुढाकार घेणारी, पेशंटच्या मनात एखाद्या जवळच्या माणसाची जागा घेणारी, आणि समुपदेशक. आजच्या पुस्तकांत केअरगिव्हर, टीचर, अॅडव्होकेट (पेशंटची बाजू मांडणारी), को-ऑर्डिनेटर, मॅनेजर, रिसर्चर अशी यादी असते. एकेका भूमिकेला पाच ओळी लिहिल्या की मार्क मिळतात. वॉर्डात मात्र त्या अशा रांगेत उभ्या राहत नाहीत.

एकदा सकाळी एका काकांना ऑपरेशनसाठी तयार करत होते. आतड्याचं ऑपरेशन, मल जमा होण्यासाठी पोटावर कायमची पिशवी लागणार होती. संमतीच्या फॉर्मवर सही झालेली, थिएटरमधून बोलावणं आलेलं. गाऊनची नाडी बांधत असताना ते सहज म्हणाले, "सिस्टर, ही पिशवी टाके काढतील तेव्हाच काढतील ना?"

सही होती, पण त्यांना समजलेलं नव्हतं. अशा वेळी नर्सने स्वतःच ऑपरेशन समजावून सांगायला बसायचं नसतं. ऑपरेशन, त्याचे धोके आणि पर्याय समजावणं ही ते करणाऱ्या डॉक्टरांची जबाबदारी. साक्षीदार म्हणून तुमची सही असेल, तर तिचा अर्थ एवढाच, की या माणसाने तुमच्यासमोर, कोणाच्या दबावाखाली न येता सही केली. मी काकांना म्हटलं, "काका, हे डॉक्टरांशी बोलूनच जाऊ या," आणि सर्जनना फोन केला. ऑपरेशनची लिस्ट खोळंबली म्हणून ते वैतागले, पण आले. थिएटरला उशिराचं कळवलं. डॉक्टर बोलून गेल्यावर काका बराच वेळ गप्प बसले, मीही बसले. "काही होत नाही, सगळं ठीक होईल" असं म्हणायची फार सवय असते आपल्याला. त्या वाक्याने समोरच्याचं बोलणं बंद होतं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, वास येईल का, बाहेर जाता येईल का. तिथून पुढे माझं शिकवण्याचं काम सुरू झालं. मग काकू आत आल्या, त्यांच्याशी वेगळं बोलावं लागलं. काकांनी ऑपरेशनला होकार दिला. सगळी वेळ आणि घडलेलं सगळं मी नोंदीत लिहिलं.

यात यादीतल्या किती भूमिका येऊन गेल्या, ते तुम्हीच बघा. अॅडव्होकेट म्हणजे डॉक्टरांशी भांडणारी नर्स, असा एक समज विद्यार्थ्यांत असतो. बहुतेक वेळा ते एक फोन करण्याइतकं साधं काम असतं, फक्त घाईच्या वेळी करावं लागतं.

शिकवण्याबद्दल एवढंच सांगते: "समजलं का?" हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर कायम 'हो' असतं. इन्सुलिनचं पेन, इनहेलर, ड्रेसिंग, जे काही शिकवलं असेल ते "आता तुम्ही मला करून दाखवा" म्हणा. इनहेलर वर्षानुवर्षं वापरणारी माणसं श्वास सोडताना तो दाबताना दिसतात.

औषधांचे पाच 'राइट' तोंडपाठ होतील: पेशंट, औषध, डोस, मार्ग, वेळ. सहावी नोंद. त्यातल्या पहिल्याकडेच दुर्लक्ष होतं. "तुम्ही अमुक ना?" असं विचारलं तर ऐकू न येणारे आजोबाही मान डोलावतात. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारा, आणि मनगटावरच्या पट्टीवरचं नाव व नोंदणी क्रमांक ताडून बघा. बेड नंबर ही ओळख नव्हे, बेड बदलतात. दशांशाआधी शून्य लिहायचंच: ०.५ लिहा, नुसतं .५ लिहिलं की टिंब पुसट होऊन कोणीतरी ५ वाचतं. उलट ५ च्या पुढे टिंब देऊन शून्य लावू नका, ते ५० वाचलं जातं. सलाईनचे थेंब मोजताना सेटच्या पाकिटावरचा ड्रॉप फॅक्टर, म्हणजे एका मिलीला किती थेंब, आधी बघा. २० थेंबांच्या सेटने १००० मिली ८ तासांत द्यायचं असेल तर मिनिटाला साधारण ४२ थेंब येतात. ६० थेंबांच्या मायक्रो सेटला तेच गणित १२५ वर जातं. आणि गणिताचं उत्तर एका डोससाठी चार-पाच अँप्युल फोडायला सांगत असेल, तर हात थांबवा आणि कोणाला तरी विचारा.

पहिल्या पोस्टिंगला आपल्याला काहीच येत नाही असं वाटेल. पॅट्रिशिया बेनरने १९८४ मध्ये नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या, त्यात पहिल्या पायरीवरची नर्स नियम धरूनच चालते. तुम्हीही खुशाल नियम धरून चाला. एखादी जुनी सिस्टर दारातूनच म्हणेल, "हा पेशंट मला बरा दिसत नाही." ती भविष्य सांगत नसते. लगेच तिला विचारा, नेमकं काय बघितलंत? काल बडबडणारा आज गप्प आहे, चादर चाचपतोय, कपाळावर घाम आहे, असलं काहीतरी ती सांगेल. ते वहीत लिहून ठेवा. पुस्तकात ते इतक्या नेमकेपणाने मिळत नाही.

शेवटचं, डॉक्टरांना फोन करणं. नवीन मुलींना याची सगळ्यात जास्त धास्ती असते, आणि मग "सर, पेशंट जरा अस्वस्थ वाटतोय, येता का?" असा फोन जातो. पलीकडून "बघतो" येतं. एसबार ही पद्धत याच्यासाठीच आहे: आत्ता काय झालंय, पेशंटची मागची माहिती काय, मला काय दिसलं, आणि मला तुमच्याकडून काय हवंय. फोनआधी चार्ट हातात घ्या आणि असं बोला: "काल पोटाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटबद्दल फोन केलाय. श्वास २८, नाडी ११८, बीपी १००/६०, सकाळी १३०/८० होतं. दोन तासांत लघवी फक्त ३० मिली, अंग गार आणि घामेजलेलं. आतून रक्तस्राव होतोय अशी मला शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन बघावं." फोनवर काही ऑर्डर मिळाली तर ती लिहून घेऊन परत वाचून दाखवा, वेळ टाका. पलीकडून समाधानकारक उत्तर आलं नाही तर इन्चार्ज सिस्टरना सांगा आणि तोवर पेशंटजवळच थांबा.