हिप्परग्याच्या तळ्यावरची बेशरम कशी काढावी

सगळ्यात आधी एक: बेशरम, म्हणजे आमच्या सोलापूरजवळच्या हिप्परगा तळ्याकाठी माजलेलं ते जांभळट फुलांचं झुडूप, कोयत्यानं तोडू नका. पहिल्या वर्षी आम्ही सहा जणांनी एप्रिलभर तेच केलं आणि कांड्या पाण्याच्या कडेला नीट रचून ठेवल्या. पावसाळ्यात तळं चढलं, कांड्या तरंगत गेल्या आणि दिवाळीला पाहतो तर जिथं नव्हती तिथंही बेशरम उभी. कांडीला डोळा असला आणि ओल मिळाली की मूळ फुटतंच. उसाच्या जिल्ह्यात जन्म काढून हे ध्यानात आलं नाही. झाड बेशरम, लाज आम्हाला.

भाचा झांबियात लुसाकाला नोकरीला आहे. त्याला फोनवर हे रडगाणं सांगितलं तर म्हणाला, "मामा, इथं याच्यापेक्षा मोठं चाललंय." काफुए नदीच्या पूरमैदानात लॉचिनवार राष्ट्रीय उद्यान आहे. तिथं मिमोसा पिग्रा नावाचं काटेरी झुडूप माजलं. आपल्या लाजाळूचं थोराड भावंड, पानंही तशीच मिटतात, पण वाढतं माणसाच्या डोक्यावर. मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं, आपल्या बेशरमीसारखंच. 1980च्या दशकात दोनेक हेक्टरवर होतं, ते पुढं सुमारे 3,000 हेक्टरवर गेलं. शेंगेचे एकेक बीचे तुकडे पडतात, त्यांना राठ केस असतात, ते पुरावर तरंगत जातात. काफुए लेच्वे हे हरिण जगात फक्त त्याच मैदानात आहे. ते उथळ पाण्यात चरतं; त्याच्या कुरणाची जाळी झाली. 1970च्या दशकात नदीवर खाली-वर दोन धरणं झाली, पुराचं जुनं वेळापत्रक मोडलं, आणि झुडपाला ते फावलं.

2017पासून इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन, डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि तिथलं उद्यान खातं मिळून ते काढतायत, गावच्याच माणसांना मजुरी देऊन. तोडलेल्या बुंध्यावर औषध लावतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागी जातात. मी उचललं ते हे 'पुन्हा'. औषध नको. आपल्या तळ्यात लोक मासे धरतात, गुरं पाणी पितात.

तर आता आमची रीत. तळ्याच्या मालक खात्याची लेखी परवानगी आधी घ्या, एवढं सांगून पुढं जातो. पाणी उतरल्यावर, एप्रिल-मेमध्ये, सकाळी सहाला सुरुवात करा. नऊनंतर सोलापूरचं ऊन काम करू देत नाही. कुदळ लावण्याआधी एक चक्कर मारा. टिटवी याच दिवसांत उघड्या खड्यांत अंडी घालते, ती खड्यांसारखीच दिसतात. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की तो पट्टा सोडून द्या, जून-जुलैत बघू.

बेशरमीचा बुंधा पहारीनं हलवा, आडवी मुळं ओल्या गाळातून सबंध ओढून काढा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. काढलेली झाडं पुराच्या खुणेच्या वर, खडकावर, मुळं आभाळाकडं करून पसरा. वाळून कटकन मोडेपर्यंत हलवू नका. तिथं शेळ्या येऊ देऊ नका. एकदा चटक लागली की सोडत नाहीत आणि मग झोकांड्या खातात. आमच्या ओळखीतल्या एका म्हातारीची शेळी अशी गेली.

तळ्याकाठी माजलेली दुसरी, काटेरी वेडी बाभळ वेगळी. तिला वरून छाटलं की एकाचे दहा फुटवे. जमिनीखाली वीतभर खणून बुंध्याचा गड्डाच तोडावा लागतो. शेंगा पिकायच्या आत करा, नाहीतर गुरं खातात आणि शेणातून बी पेरत जातात. मात्र वेड्या बाभळीवर बगळ्यांची घरटी असतील तर तिला हात लावू नका. आमच्यातले दोघे यावर अजून भांडतात; मी पक्ष्यांच्या बाजूनं आहे.

पाणी कुठवर उतरलं ते दर महिन्याला वहीत लिहितो, कारण नवं रोप त्याच ओल्या पट्ट्यात धरतं. दिवाळीनंतर तोच पट्टा चालायचा. करंगळीएवढी रोपं हातानं निघतात. मेपर्यंत थांबलात तर पहार लागते. गेल्या खेपेला एका सकाळी चौदा निघाली. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, ती उन्हात खराब होत नाही.