भरतीच्या रनिंगआधी कॉफी कशी घ्याची

पोलीस भरतीचे पोट्टे मले नेहमी इचारतात, भाऊ रनिंगआधी चहा घ्याचा का कॉफी. माहं म्हणनं, काळी कॉफी घ्या बिनसाखरेची, कारण आपल्याकडचा चहा म्हणजे निरा साखरेचा पाक, दिवसाचे सहा कप झाले त वजन कसं उतरन? एक सपाट चमचा इन्स्टंट कॉफी गरम पाण्यात, धावाच्या पाऊण तास आधी, बस. त्यात अंदाजे 60 मिलिग्राम कॅफिन येते, सुरुवातीले तेवढंच लय होते. झोप उडते, थकवा कमी वाटते अन् 1600 मीटरचा शेवटचा राउंड जरा सोपा जाते. उपाशीपोटी मले त ॲसिडिटी होते म्हणून आधी अर्धं केळं खातो. एकदा जोशात तीन चमचे टाकले, हात थरथर अन् अर्ध्या राउंडातून टमरेल घेऊन पळालो, म्हणून भरतीच्या दिवशीच पहिल्यांदा ट्राय करू नका. दुपारी 2 नंतर नाई घ्याची, अर्धं कॅफिन उतराले पाचेक तास लागतात, रातची झोप गेली की रिकव्हरी गेली. जेवणासोबत चहा त नकोच, भाकर-भाजीतलं लोह अंगी लागत नाई, पोरींनो तुमी खास ध्यान द्या. बीपी नाईतर धडधड असन त डॉक्टरले इचारूनच.