अमेरिकेतल्या विद्यापीठात नोकरी लागली, आता एच-1बी (नोकरीचा व्हिसा) कसा काढायचा?

पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकरीचं, ऑफर लेटर आलं की घरचे पहिल्यांदा विचारतात, "लॉटरीत नंबर लागेल ना?" विद्यापीठाच्या नोकरीला लॉटरी नाही. वर्षाला 65,000, शिवाय अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी 20,000, ही व्हिशांची मर्यादा कंपन्यांना आहे; अर्ज त्याहून जास्त आले की लॉटरी काढतात. विद्यापीठ वर्षभरात केव्हाही अर्ज करू शकतं. पुढे कंपनीत जायचं झालं, की मात्र लॉटरी चुकत नाही.

सगळ्यात आधी पैशांचं बोला. 21 सप्टेंबर 2025 पासून, अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवाराच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर भरण्याचा आदेश लागू झाला आणि विद्यापीठांना त्यातून सरसकट सूट मिळाली नाही. सध्या काय स्थिती आहे, पैसे कोण भरणार, की जे-1 (देवाणघेवाण कार्यक्रमाचा व्हिसा) वर बोलावताय, हे विभागाला स्पष्ट विचारा. संकोच नको. जे-1 तुलनेने सोपा, पण काहींना त्यानंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते. ती पूर्ण किंवा माफ होईपर्यंत एच-1बी मिळत नाही.

मग कागद. अर्ज विद्यापीठच करतं. आपण पासपोर्ट, पदव्या, गुणपत्रिका द्यायच्या. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर बहुतेकदा आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, शेवटी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. तिथल्या क्लार्कला ही दोन माणसं वाटू शकतात, म्हणून पहिल्याच ईमेलमध्ये खुलासा करा. पीएचडीचा व्हायवा झालाय पण पदवीदान व्हायचंय, तर प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आणून ठेवा.

यानंतर विद्यापीठ अमेरिकेच्या श्रम खात्याकडे एलसीए (लेबर कंडिशन अॅप्लिकेशन) भरतं. त्या भागात त्या कामाला चालू असलेल्या दरापेक्षा पगार कमी नाही, अशी ती हमी असते. साधारण सात कामकाजाचे दिवस लागतात. त्याची नोटीस कामाच्या जागी लावावी लागते. त्यात पद आणि पगार असतो, नाव नसतं. तरी सहकाऱ्यांना अंदाज येतोच!

एलसीए मंजूर झाली की इमिग्रेशन खात्याकडे आय-129, म्हणजे एच-1बीचा मुख्य अर्ज, जातो. संशोधनात निर्यातबंदी असलेलं तंत्रज्ञान आहे का, हे त्यात लिहून द्यावं लागतं आणि ते तुमचे प्राध्यापकच सांगू शकतात. ती सही त्यांच्या टेबलावर पडून राहू शकते, सौम्यपणे आठवण करत राहा. घाई असेल तर प्रीमियम प्रोसेसिंगमध्ये (जादा फी भरून) 15 कामकाजाच्या दिवसांत उत्तर येतं.

मंजुरीचा आय-797 हा कागद मिळाला की डीएस-160 हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरून मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. मंजुरी एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांची, एकूण साधारण सहा. तिकीट व्हिसा हाती आल्यावरच काढा; मंजुरीची मुदत ज्या तारखेला सुरू होते, तिच्याआधी फार तर 10 दिवस प्रवेश मिळतो.